लॅमिंग्टन रोडची वारी

दिवाळी अंकातले प्रवासवर्णन म्हटले की त्यात एखादे बर्फाच्छादित शिखर हवे, ते नसेल तर निदान सरोवर हवे, आणि त्या सरोवरात नौकाविहार करणारी लेखिका हवी, असा आपल्याकडे एक संकेत आहे. तो मी आज मोडणार आहे. मी जिथे जाऊन आले तिथे शिखर नाही आणि सरोवरही नाही. मी गेले होते मुंबईला, ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला, लॅमिंग्टन रोडवर. तेही साडीच्या किंवा सोन्याच्या खरेदीसाठी नव्हे, तर एक बिघडलेली डबी दाखवायला.

त्या डबीला हार्ड डिस्क म्हणतात, हे आता शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही. मला सांगायचे आहे ते निराळेच. त्या डबीत माझी आत्या होती.

मी एम. ए. च्या वर्गात असताना, २००३ साली, आत्याच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायचे मनावर घेतले. आत्या गुहागरकडच्या एका वाडीत राहायची. तेव्हा तिची सत्तरी उलटली होती. एक टेपरेकॉर्डर, कॅसेटींचा पुडा आणि तरुणपणीचा उत्साह एवढ्या भांडवलावर मी तिच्या ओटीवर जाऊन बसले. पण नुसते "म्हण" म्हटल्यावर आत्याला ओवी सुचेना. हात रिकामे असले की ओवी येत नाही म्हणाली. शेवटी पडवीतले कित्येक वर्षांचे जाते झाडून पुसून मधल्या घरात आणले, मूठभर तांदूळ टाकले, खुंटा तिच्या हाती दिला. आणि मग जी लागली ती थांबेना. सुट्टी-सुट्टीत जाऊन मी तीस कॅसेटी भरल्या. २००८ साली आत्या गेली. २०११ साली एका विद्यार्थ्याच्या मदतीने त्या कॅसेटी संगणकात उतरवल्या आणि ती डबी माळ्यावर, आकाशकंदिलाच्या खोक्याशेजारी, ठेवून दिली.

आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने आमच्या गावाची काय दशा केली ते सर्वांनी वाचले आहे. आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला २००५ साली आणि पुन्हा २०२१ साली पुराने गाठले. तिथल्या पोथ्या-पुस्तकांपुढे माझी ट्रंक ती काय! पण त्या ट्रंकेत तीसही कॅसेटी होत्या आणि माझ्या वह्याही होत्या. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर आत चिखलाचा थर. तेव्हा मी रडले नाही. माळ्यावर डबी होती ना!

गेल्या एप्रिलमध्ये काही संदर्भासाठी ती डबी काढली. संगणकाला जोडली तर उघडायला अर्धा तास. एक फाईल लागली, दुसरी अडकली. माझा मुलगा बारावीत आहे. या वयात मुलांना येत नाही असे काही नसते. "आई, तू काळजी करू नकोस," म्हणून त्याने इंटरनेटवरून एक सॉफ्टवेअर उतरवून घेतले. हरवलेले सर्व काही परत मिळवून देऊ, अशी त्याची जाहिरात होती. पोराने तीन रात्री ते चालू ठेवले. चौथ्या दिवशी सकाळी डबी फिरत होती, दिवा लागत होता, पण संगणक म्हणाला की हिच्यात जागाच नाही. क्षमता शून्य! त्या दिवशी मुलगा जेवला नाही.

कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने लॅमिंग्टन रोडचा पत्ता दिला. निघताना मुलाने माझ्या पर्समध्ये एक चिठ्ठी घातली. तीत लिहिले होते: "त्यांना एवढेच विचार. सॉफ्टवेअरला हार्ड डिस्कचे फर्मवेअर ओलांडून आत जाता येते की नाही?" मला तेव्हा त्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही. तो का विचारला आहे, ते मात्र कळले. माझ्याच हातून मेली का, असे त्याला विचारायचे होते.

रात्रीची तुतारी एक्सप्रेस धरली. कोकण रेल्वेवरच्या या गाडीला २०१७ साली केशवसुतांच्या कवितेवरून हे नाव मिळाले, त्यामुळे मराठीच्या प्राध्यापिकेने दुसऱ्या गाडीने जाणे बरे दिसत नाही. डबी मऊ टॉवेलात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात ठेवून, तो डबा मांडीवर घेऊन मी बसले होते. शेजारच्या बाईंनी दोनदा डब्याकडे पाहिले आणि पनवेलच्या आसपास न राहवून विचारले, "लाडू आहेत का हो?" मी म्हटले, "आत्या आहे." त्यानंतर त्या दादरपर्यंत खिडकीबाहेर पाहत होत्या.

दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वेच्या धिम्या लोकलमध्ये शिरले. प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल आणि मग ग्रँट रोड. ज्या रॉबर्ट ग्रँट साहेबाचे नाव या स्टेशनाला आहे तो १८३५ ते १८३८ मुंबईचा गव्हर्नर होता. लॅमिंग्टन साहेब त्याच्या बऱ्याच नंतरचा, १९०३ ते १९०७ मधला. या लॅमिंग्टनची हकिगत मोठी गमतीची आहे. मुंबईला येण्यापूर्वी तो ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचा गव्हर्नर होता, आणि तिकडे चॉकलेटात बुडवून सुक्या खोबऱ्यात घोळवलेल्या केकला आजही 'लॅमिंग्टन' म्हणतात. पुढे १३ मार्च १९४० ला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी मायकेल ओडवायरवर गोळ्या झाडल्या, त्या वेळी जखमी झालेल्यांतही हा वृद्ध लॅमिंग्टन होता. एका देशात केक, दुसऱ्या देशात रस्ता आणि तिसऱ्या ठिकाणी गोळी! आता रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण टॅक्सीवाल्याला ते सांगितले की तो आधी आपल्याकडे पाहतो आणि मग म्हणतो, "लॅमिंग्टन रोड बोलो ना!"

एके काळी हा रस्ता सिनेमांचा. नाझ, स्वस्तिक, अप्सरा, मिनर्व्हा अशी थिएटरांची रांगच होती. १९७५ साली 'शोले' मिनर्व्हाला लागला तो पाच वर्षे हलला नाही. ते मिनर्व्हा आता नाही. आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना विजेच्या आणि संगणकाच्या सामानाची दुकाने आहेत. फुटपाथवर तारांची भेंडोळी, चार्जर, दिव्यांच्या माळा, कॅमेरे, डाळ-तांदळासारखे पुड्यांत भरलेले सुटे भाग. मंडईत भाजीवाल्या जशा हाका मारतात तसे इथे पोरगे ओरडतात, "मॅडम, क्या चाहिए? सीसीटीव्ही? लॅपटॉप?" मी डबा छातीशी धरून पुढे सरकत होते.

सांगितलेली इमारत जुनी होती. लाकडी जिना, गुळगुळीत झालेला कठडा, दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली. आत दोन तरुण भिंगाखाली मान घालून बसले होते, आणि टेबलामागे साठी गाठलेले एक गृहस्थ. सगळे त्यांना काका म्हणत होते, म्हणून मीही काकाच म्हणणार. गिरगावात वाढलेले, पूर्वी रेडिओ दुरुस्त करणारे, मग टेलिव्हिजन आणि आता हे. मी डबा उघडला, टॉवेल सोडला. काकांनी डबी हातात घेतली नाही. आधी विचारले, "काय काय केलंत हिला?"

हा प्रश्न ऐकला आणि आमच्या लहानपणीचे डॉक्टर आठवले. तेही नाडी बघण्याआधी विचारत, "घरी काय काय दिलंत?" आणि आई खाली मान घालून काढ्यांची यादी सांगायची. मीही खाली मान घातली आणि तीन रात्रींची हकिगत सांगितली. मग चिठ्ठीच काढून पुढे ठेवली.

काकांनी चष्मा वर सरकवून ती वाचली. "मुलगा हुशार आहे," म्हणाले. "बाई, तुम्ही कॉलेजात ना? तुमच्या लायब्ररीत पुस्तकाच्या कपाटापर्यंत जाऊ देतात?"

मी म्हटले, "आता देतात. मी शिकत होते तेव्हा नाही. चिठ्ठी द्यायची, शिपाई पुस्तक आणून द्यायचा."

"मग झालं तर. तो शिपाई म्हणजे फर्मवेअर."

आणि मग काकांनी जे सांगितले ते मी आमच्या जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयावर बसवून सांगते, म्हणजे वाचकांनाही सोपे जाईल.

आमच्या ग्रंथालयाला एक मोठी कोठी होती. तिच्या दारावर एक शिपाई असत, त्यांना आम्ही मामा म्हणत असू. आम्ही चिठ्ठीवर क्रमांक लिहायचा, मामांनी आत जाऊन पुस्तक आणायचे. क्रमांक १, २, ३ असे ओळीने असले तरी पुस्तके तशी ओळीने नव्हती. एका कपाटाला ओल आली, तिथली पुस्तके मामांनी वरच्या फळीवर हलवली. एका फळीला वाळवी लागली, ती रिकामी केली. कोणता क्रमांक कुठे हलवला, याची नोंद मामांच्या एका चोपडीत. आणि ती चोपडी कुठे? कोठीतच, आतल्या एका खणात. सकाळी कोठी उघडायची, आधी चोपडी काढून वाचायची, मगच खिडकीशी येऊन बसायचे, हा मामांचा नेम.

हार्ड डिस्कचे हुबेहूब असेच आहे. आत गुळगुळीत तबकड्या असतात, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या. १९५६ साली आय.बी.एम.ने अशी पहिली डिस्क बाजारात आणली, तेव्हा तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि मावत होती फक्त ५० लाख अक्षरे. आता तळहातावर मावणाऱ्या डबीत त्याच्या लाखपट मावते, आणि वाचणारी सुई तबकडीला न टेकता काही नॅनोमीटरवरून तरंगत जाते. केसाची जाडी या मापाने ५० हजार ते एक लाख नॅनोमीटर भरते. त्यावरून कल्पना करावी. इतक्या बारीक कामात कारखान्यातून निघालेली प्रत्येक तबकडी थोडीफार सदोष असायचीच. म्हणून कारखान्यातच सदोष जागांची यादी करून डिस्कमध्ये लिहून ठेवतात; पुढे वापरात ज्या जागा खराब होतात त्यांची दुसरी यादी डिस्क स्वतः ठेवते. या याद्यांवरून, संगणकाने मागितलेला क्रमांक तबकडीवर नेमका कुठे आहे, याचा एक नकाशा तयार होतो. ही सगळी व्यवस्था पाहणारी आज्ञावली म्हणजे फर्मवेअर.

"आणि हे फर्मवेअर राहतं कुठं?" काका म्हणाले. "लोकांना वाटतं, बाहेरच्या हिरव्या पट्टीवर. पट्टीवरच्या चिपमध्ये थोडंसंच असतं, जागं होण्यापुरतं. बाकीचं सगळं तबकडीवरच, राखीव जागेत. त्या जागेला संगणकाकडचा क्रमांकच नाही. चावी कोठीच्या आत!"

वीज आली की चिप जागी होते, तबकडी फिरू लागते, सुई आधी त्या राखीव जागेवर जाते, चोपडी वाचते आणि मगच संगणकाला "हजर" म्हणते. चोपडीचे पान फाटले असेल तर मामा खिडकीशी येतात, पण कोठीत काय आहे हे त्यांना सांगता येत नाही. माझ्या डबीने "शून्य" म्हटले ते यामुळे. पुस्तके जागच्या जागी होती, मामांना आठवत नव्हते.

"मग सॉफ्टवेअर काय करतं?" मी विचारले.

"चिठ्ठ्या लिहितं. चांगल्या लिहितं, भराभर लिहितं. पण खिडकीच्या अलीकडे बसून. आत जात नाही."

काकांनी सॉफ्टवेअरला नावे ठेवली नाहीत, हे मला आवडले. कुणी चुकून फाईल पुसली, किंवा डिस्कवरची फायलींची अनुक्रमणिका नासली, पण डिस्क स्वतः धडधाकट आहे, अशा वेळी हेच सॉफ्टवेअर देवासारखे धावून येते. ते पहिल्या क्रमांकापासून शेवटच्या क्रमांकापर्यंत सगळे मागवून घेते आणि हे चित्र, हे पत्र, हे गाणे, असे ओळखून काढते. टेस्टडिस्क, फोटोरेक यांसारखी अशी साधने तर फुकट मिळतात. मात्र प्रत्येक मागणीला उत्तर द्यायचे ते फर्मवेअरनेच. ते शून्य म्हणाले की जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरला मागायला क्रमांकच उरत नाही.

मी मास्तरीण. एका उत्तराने माझे समाधान होत नाही. "पण काका, काही तरी चोरवाट असेलच की!"

"आहे," ते हसले. "कारखान्यात डिस्क तपासतात तेव्हा तिच्याशी बोलायची एक खाजगी भाषा असते. प्रत्येक कंपनीची वेगळी. ती येणारी यंत्रं मिळतात. ही बघा, पीसी-तीन हजार." एका संगणकाला जोडलेले कार्ड त्यांनी दाखवले. त्या भाषेत सांगितले की डिस्क आपली चोपडी उघडून दाखवते, सुधारूनही घेते. नुसत्या सॉफ्टवेअरलाही ही भाषा शिकवता येते. २०१५ साली कॅस्परस्की लॅबने जाहीर केले होते की हेरगिरी करणाऱ्या एका टोळीजवळ डझनभराहून अधिक बनावटींच्या डिस्कांचे फर्मवेअरच बदलून टाकण्याची विद्या आहे. "पण बाई, नीट बघा. तिथेसुद्धा ऐकणारं कोण? फर्मवेअरच. शिपायाला समजावता येतं, फितवताही येतं. त्याला ओलांडून जाता येत नाही."

"आणि पट्टीच बदलली तर?"

"फार जुन्या डिस्कांना चालायचं. त्याच जातीची पट्टी लावली की सुरू. आता प्रत्येक डिस्कच्या सुईची मापं वेगळी, ती त्या पट्टीवरच्या चिपमध्ये लिहिलेली. नुसती पट्टी बदलणं म्हणजे दुसऱ्या कॉलेजचा शिपाई आणून बसवणं. जुन्याची चिप काढून नवीवर बसवावी लागते."

हातांनी काय होऊ शकते, याचे एक उदाहरण त्यांनी सांगितले. ते मी घरी येऊन पडताळून पाहिले. २००३ साली कोलंबिया यान परतीच्या वाटेवर फुटले आणि आपली कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. त्या यानातल्या एका प्रयोगाची हार्ड डिस्क जळून, वितळून, आकाशातून जमिनीवर पडलेली सापडली. अमेरिकेतल्या तंत्रज्ञांनी तिच्या तबकड्या काढून स्वच्छ केल्या, दुसऱ्या नव्या डबीत बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के मजकूर परत मिळवला. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. आकाशातून पडलेले वाचते आणि माळ्यावर ठेवलेले जाते!

आता उरला खरा प्रश्न. चिठ्ठीत न लिहिलेला. मी तो विचारला.

काका जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुखणं आधीचं. अर्धा अर्धा तास लागत होता म्हणता, तेव्हाच तबकडीवर जागा खराब व्हायला लागल्या होत्या. पण जागरणानं वाढलं, हे खोटं नाही. सॉफ्टवेअर एकच खराब जागा पुन्हा पुन्हा मागतं. डिस्क बिचारी प्रत्येक वेळी तिथं सुई नेऊन खटपट करते, आणि दर वेळी चोपडीत नवी नोंद करायला जाते. नोंदी करता करता चोपडीचं पान बिघडलं. डिस्क अडखळायला लागली की पहिलं काम एकच. बंद करायची."

"हे मुलाला काय सांगू?"

"जे आहे ते सांगा. तो या धंद्यात येईल कदाचित."

डबी तिथे ठेवून मी उतरले. बाहेर मे महिन्याचे ऊन रणरणत होते. चर्नी रोडपर्यंत चालत गेले. वाटेत ऑपेरा हाऊस लागले. १९११ साली उघडलेले हे नाट्यगृह कित्येक वर्षे बंद पडून होते आणि २०१६ साली पुन्हा सुरू झाले. एरवी मी थांबून पाहिले असते. त्या दिवशी फक्त एवढेच मनात आले की बंद पडलेली दारे कधी कधी उघडतात.

तीन आठवड्यांनी, जूनच्या पहिल्या पावसात, पुन्हा गेले. या खेपेला लॅमिंग्टन रोडवर सरोवरही होते, घोट्यापर्यंत. काकांनी काय केले ते सांगितले. डबीच्या बाहेरचे आवरण आणि त्यातली जोडपट्टी काढून डिस्क थेट यंत्राला लावली. तिच्याशी त्या खाजगी भाषेत बोलून आधी अख्खी चोपडी उतरवून घेतली. कारखानेवाले चोपडीच्या महत्त्वाच्या पानांची दुसरी प्रत दुसऱ्या पृष्ठभागावर ठेवतात; तिच्यातले चांगले पान बिघडलेल्या पानाच्या जागी बसवले. मग डिस्कला बजावले, की आता नवीन नोंदी करायच्या नाहीत, दुरुस्त्या करायच्या नाहीत, मागितले तेवढे द्यायचे. शून्याचे ५०० जीबी झाले! त्यानंतर सहज वाचता येणारे भाग आधी, अवघड भाग शेवटी, अशा क्रमाने सगळे एका नव्या डिस्कवर उतरवले. त्याला अकरा दिवस लागले. आणि अगदी शेवटी, त्या नव्या प्रतीवर, एक साधे सॉफ्टवेअर चालवून फायली वेगळ्या केल्या.

"म्हणजे सॉफ्टवेअर लागलंच की!" मी म्हटले.

"लागलं. शेवटी लागलं. तुम्ही ते आधी लावलंत, एवढंच."

जाता जाता काकांनी आणखी एक सांगितले. आता ज्या न फिरणाऱ्या, नव्या पद्धतीच्या डिस्का आल्या आहेत, त्यांत तर शिपायाचाच कारभार. तो आपल्या सोयीने मजकूर सतत इकडचा तिकडे हलवतो, आणि पुसलेला मजकूर संगणकाने टाकाऊ म्हणून कळवला की बहुधा कायमचाच जातो. काही डबी तर सगळा मजकूर कुलूपबंद लिपीत लिहितात. तिथे किल्ली हरवली तर तबकडी वाचूनही हाती काही लागत नाही. कामाचा आकडा मी इथे सांगत नाही. आमचे यजमान हा अंक वाचतात.

तीस फायलींपैकी सव्वीस संपूर्ण मिळाल्या. तिनांत मध्ये मध्ये खाचे आहेत. एक मिळाली नाही.

घरी आल्यावर मुलाला सगळे सांगितले. जसे होते तसे. दुखणे आधीचे, जागरणाने वाढले. तो गप्प होता. मग मी दुसरी गोष्ट सांगितली, जी काकांनी मला विचारली नव्हती आणि मी स्वतःहून सांगितलीही नव्हती. माझ्या आत्याचा आवाज मी दहा वर्षे दोन जागी ठेवला, पण एकाच घरात. आणि पुराने त्यातली एक जागा नेल्यावरही पुढची चार वर्षे मला दुसरी प्रत काढायला वेळ झाला नाही. तीन रात्री त्याच्या, चौदा वर्षे माझी. हिशेब कुणाच्या नावावर जास्त निघतो ते त्याने पाहावे. तो म्हणाला, "लाव ना, ऐकू या."

अकरावी फाईल लावली. आधी जात्याची घरघर. मग आत्याचा तो जरा कापरा, पण पक्का सूर. एक ओवी झाली, दुसरी सुरू झाली आणि मध्येच एकदम शांतता. ना आवाज, ना जाते. त्या डिस्कवर आमच्या फायलीतल्या एका सेकंदाला सुमारे १७२ घरे लागतात, असे मुलाने हिशेब करून सांगितले. नऊ सेकंद शांतता होती, म्हणजे साधारण दीड हजार घरे रिकामी. मग पुन्हा घरघर सुरू झाली, आणि आत्याचे बोलणे आले, "झालं का गं तुझं? चहा टाकते." आणि मागून माझा, बावीस वर्षांपूर्वीचा आवाज, "अजून एक, आत्या!"

"मधे काय होतं?" मुलाने विचारले.

मला आठवेना. वहीत लिहिले होते, ती वही वाशिष्ठीत गेली. आत्याशिवाय ती ओवी जाणणारी मी एकटी होते, आणि मी ती पाठ केली नव्हती. मशीनमध्ये आहे म्हणून निश्चिंत होते.

त्या रात्री मुलाने तीन प्रती काढल्या. एक आमच्याकडे, एक पुण्याला माझ्या बहिणीकडे, एक कॉलेजच्या ग्रंथालयात. मी मात्र रोज रात्री एक फाईल लावून नवी वही भरत्ये आहे. सव्वीस फायली आहेत. दिवाळीपर्यंत निम्म्या झाल्या. लिहिताना ओवी तोंडाने म्हणून पाहते. कधी कधी स्वयंपाकघरातून मुलगाही तिच्यात आपला सूर मिसळतो. त्याला चाल येत नाही, पण शब्द पाठ व्हायला लागले आहेत.